टूरिंग मोटरसायकलला जादा एलईडी दिवे: वीज नेमकी कुठून घ्यायची?

जादा दिवे बसवायचं ठरलं की सगळा वेळ दिवे निवडण्यात जातो. किती वॅटचे, पिवळे की पांढरे, क्रॅश गार्डवर की फोर्कवर. वायर जोडायची वेळ आली की मात्र हेडलाईटच्या मागे हाताला लागेल ती वायर सोलली जाते, दोन पीळ मारले जातात आणि वरून टेप गुंडाळली जाते. दिवे लागतात, गिऱ्हाईक खूश होऊन निघतं. मग ताम्हिणीच्या किंवा आंबोलीच्या पावसात एका वळणावर हेडलाईटसकट सगळंच विझतं, कारण दोघांचा फ्यूज एकच असतो. रात्री, धुक्यात, दरीच्या कडेला हे होणं म्हणजे थेट जिवाशी गाठ. म्हणून इथे दिव्यांच्या निवडीबद्दल फारसं काही नाही. वीज कुठून घ्यायची, एवढंच नीट सांगितलं आहे.

एक गोष्ट आधी पक्की करा. दिव्यांच्या जोडणीत दोन वेगळे प्रश्न असतात. दिव्यांना लागणारी ताकद कुठून येणार, हा एक. दिवे कधी लागायचे आणि कधी विझायचे हे त्यांना कोण सांगणार, हा दुसरा. नवखी माणसं दोन्ही कामं एकाच वायरीकडून करून घेतात आणि तिथेच फसतात. ताकद बॅटरीकडून घ्यायची, हुकूम गाडीच्या मूळ वायरिंगकडून घ्यायचा आणि दोघांच्या मध्ये रिले, म्हणजे छोट्या करंटच्या हुकमाने मोठा करंट जोडणारा स्विच, ठेवायचा. पुढचं सगळं याच एका मांडणीवर उभं आहे.

आधी हिशेब

वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. इंजिन चालू असताना गाडीतलं व्होल्टेज साधारण १३.५ धरायचं. ४० वॅटचे दोन दिवे म्हणजे ८० वॅट, भागिले १३.५, म्हणजे जवळपास ६ अँपिअर. हाच आकडा पुढे वायरची जाडी आणि फ्यूज ठरवतो.

पण खोक्यावरच्या वॅटवर विसंबू नका. स्वस्त दिव्यांवर छापलेला आकडा आणि दिवा खरोखर ओढतो तो करंट यांचा बऱ्याचदा मेळ नसतो. मोजूनच घ्या. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या खाचेत घाला, मीटर डीसी अँपिअरवर ठेवा आणि बॅटरीच्या प्लस व दिव्याच्या लाल वायरीच्या मध्ये जोडा. आकडा वाचला की लगेच लाल पिन परत व्होल्टच्या खाचेत घाला. हे विसरून कुणी पुढचं व्होल्टेज मोजायला गेलं की मीटर बॅटरीला थेट शॉर्ट करतो. नशीब चांगलं असेल तर फक्त मीटरचा फ्यूज जातो.

आता गाडीकडे तेवढी वीज शिल्लक आहे का? रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ उदाहरणाला घेऊ. तिच्यात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-आवरची बॅटरी आणि ६०/५५ वॅटचा एच-४ हेडलाईट आहे. ६ अँपिअरचे दिवे इंजिन बंद ठेवून लावले तर ही बॅटरी तासाभरात झोपते, आणि सेल्फ मारण्याइतकी ताकद त्याच्या बरीच आधी संपते. म्हणजे दिव्यांची खरी वीज इंजिन चालू असताना स्टेटरकडून, म्हणजे इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या कॉइलकडून येते. बॅटरी ही मधली टाकी.

स्टेटर किती वॅटचा आहे हे शोधत बसण्यापेक्षा गाडीलाच विचारलेलं बरं. दिवे विकत घेण्याआधी ही चाचणी करा. एखादा जुना एच-४ बल्ब घ्या, त्याच्या एका फिलामेंटला दोन जाड वायरी जोडा आणि मध्ये १० अँपिअरचा फ्यूज टाका. गाडी चालू करा, हेडलाईट अप्परला टाका, ब्रेक दाबून ठेवा आणि हा बल्ब थेट बॅटरीवर लावा. तो ४ अँपिअरच्या आसपास ओढतो. बल्ब काही सेकंदांत चटका बसेल इतका तापतो, म्हणून काचेला हात लावू नका, प्लास्टिकवर ठेवू नका, पत्र्याच्या डब्यात ठेवा. आता बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. इंजिन ३००० आरपीएमवर असताना १३.५ किंवा जास्त दिसत असेल तर खुशाल पुढे जा. १३ ते १३.५ असेल तर कमी वॅटचे दिवे घ्या. १२.८ च्या खाली गेलं तर त्या क्षणी बॅटरी भरत नाहीये, रिकामी होतेय.

आयडलिंगला व्होल्टेज थोडं पडणारच, कारण कमी फेऱ्यांवर स्टेटर कमी वीज देतो. हायवेला चालणाऱ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. रात्री टोलनाक्याच्या रांगेत किंवा घाटातल्या ट्रॅफिक जॅममध्ये अर्धा तास उभं राहायचं असेल तर मात्र जादा दिवे बंद करायची सवय ठेवा.

"जादा दिवे लावले की स्टेटर जळतो" असं गॅरेजमध्ये ऐकू येतं. बऱ्याच मोटरसायकलींमधला रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) शंट प्रकारचा असतो. स्टेटर फेऱ्यांनुसार पूर्ण वीज काढतच असतो आणि न वापरलेली वीज रेग्युलेटर वळवून वाया घालवतो. त्यामुळे शिल्लक विजेत बसणारे दिवे स्टेटरवर नवा बोजा टाकत नाहीत. शिल्लक संपल्यावर बोजा पडतो तो बॅटरीवर.

गाडीत वीज कुठे कुठे सापडते

बॅटरी ही सगळ्यात भरवशाची जागा. टर्मिनलपासून १५ ते २० सेंटिमीटरच्या आत फ्यूज असेल तर इथून बिनधास्त वायर काढा. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा कुणाच्याही राखणीशिवाय असतो. तो फ्रेमला घासला तर वायर लाल होऊन पेटते, म्हणून तो शक्य तेवढा आखूड.

काही गाड्यांना कंपनीनेच अॅक्सेसरीसाठी वायरी सोडलेल्या असतात. केटीएमच्या अॅडव्हेंचर गाड्यांत एसीसी-१ आणि एसीसी-२ अशा खुणांच्या जोड्या असतात. एक कायम चालू, दुसरी चावीसोबत चालू होणारी. तुमच्या गाडीत अशी सोय असेल तर वायर सोलायची गरजच नाही. फक्त त्या लाईनचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते मॅन्युअलमध्ये बघा आणि त्याच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त ओढू नका.

टेललॅम्पची किंवा पायलटची (पुढच्या छोट्या दिव्याची) वायर हुकूम घ्यायला छान, ताकद घ्यायला वाईट. ती पाच-दहा वॅटच्या हिशेबाने ओढलेली बारीक वायर असते. त्यावर ६ अँपिअर टाकले की वायर तापते आणि चावीच्या स्विचमधले पॉइंटही जळतात. टॉपबॉक्सवरची २-३ वॅटची लाल पट्टी मात्र इथून थेट चालवता येते. हात आखडून सांगायचं तर अर्ध्या अँपिअरपर्यंत थेट, त्यापुढे रिले.

हेडलाईटची वायर हुकमासाठी आणखी चांगली. भारतात १ एप्रिल २०१७ पासून बनलेल्या दुचाकींचा हेडलाईट इंजिनासोबत आपोआप लागतो, आणि कित्येक गाड्यांत सेल्फ मारताना तो क्षणभर तोडला जातो. इथून हुकूम घेतला तर तुमचे दिवेही त्या क्षणी गप्प राहतात आणि सगळा करंट सेल्फला मिळतो. एक सावधगिरी: जुन्या कम्युटर गाड्यांत हेडलाईट एसीवर, म्हणजे थेट स्टेटरच्या कॉइलवर चालतो. तिथे एलईडी जोडली तर ती लुकलुकते आणि लवकर मरते. रिलेसुद्धा तिथे थडथडतो.

हॉर्नकडे कुणी बघत नाही, पण ती कामाची जागा आहे. बऱ्याच गाड्यांत चावी फिरवली की हॉर्नच्या एका टोकाला प्लस येऊन थांबतो आणि बटण दुसऱ्या टोकाला अर्थ, म्हणजे मायनस, देतं. तो प्लस म्हणजे गाडीच्या तोंडाशीच तयार असलेला चावीचा हुकूम. काही गाड्यांत बटण प्लसच तोडतं. तिथे हा मार्ग बंद.

ब्रेक आणि इंडिकेटरच्या वायरी सोडून द्या. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), फ्यूएल पंप, एबीएस, कुठलाही सेन्सर आणि साइड स्टँडचा स्विच यांच्या वायरींना हातच लावायचा नाही. तिथला एक ढिला सांधा गाडी चालत्या रस्त्यात बंद पाडतो. बीएमडब्ल्यूच्या मोठ्या जीएससारख्या गाड्यांत दिव्यांचा करंट कॉम्प्युटर मोजतो. मध्येच वायर काढली की तो लाईन बंद करतो किंवा डॅशबोर्डवर इशारा दाखवतो. तिथे त्या गाडीसाठीच बनवलेलं, डायग्नोस्टिक कपलरला (तपासणीचं यंत्र लावायच्या प्लगला) जोडायचं मॉड्यूल घ्यावं.

हुकमाची वायर कशी शोधायची

वायरच्या रंगावरून ठरवू नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये रंग बदलतात, आणि गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या मेकॅनिकने कुठला रंग कुठे जोडलाय ते सांगता येत नाही.

मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या २० च्या पट्ट्यावर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर धरा, फ्रेमवर नको. फ्रेमवर रंग असतो आणि आकडा खोटा येतो. लाल पिन कपलरच्या मागच्या बाजूने, वायर जिथे आत शिरते तिथून बारीक टाचणी घालून टेकवा. वायरचं कव्हर टोचू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात आतली तार हिरवी होऊन तुटते.

चावी बंद असताना शून्य आलं पाहिजे. चावी चालू केल्यावर बॅटरीएवढं, म्हणजे १२ च्या वर. मग ब्रेक दाबा, इंडिकेटर लावा, अप्पर-डिप्पर करून बघा. या कशानेही आकडा हलत नसेल तर ती शुद्ध चावीची लाईन. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर तुम्ही स्टॉप लाइटच्या वायरीवर आहात. चावीला पार्किंगची खाच असेल तर तिथेही मोजा. हँडल लॉक करून चावी काढल्यावरही काही गाड्यांचा टेललॅम्प चालू राहतो, आणि तिथून हुकूम घेतलेले ६ अँपिअरचे दिवे लॉजबाहेर बॅटरी रिकामी करतात.

एवढ्यावर थांबू नका. मीटर करंट ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या वायरीवरही तो १२ दाखवतो. १० वॅटचा इंडिकेटरचा बल्ब त्या वायरीवर लावून बघा. बल्ब लख्ख पेटला आणि व्होल्टेज जेमतेम ०.२ ने उतरलं तर वायर निरोगी आहे. ही बल्बची चाचणी फक्त दिव्यांच्या आणि हॉर्नच्या वायरीवर करायची.

एलईडी टेललॅम्पच्या गाड्यांत मीटर ५ किंवा ७ व्होल्टसारखा विचित्र आकडा दाखवू शकतो. तिथे वीज झटक्या-झटक्याने सोडलेली असते. अशा वायरीवर रिले टिकटिक करत राहतो. ती सोडून हॉर्न किंवा नंबरप्लेटच्या दिव्याची वायर तपासा.

सामान

बारा व्होल्टचा ३० किंवा ४० अँपिअरचा चार पिनी रिले, सॉकेटसकट. झाकणाचा वॉटरप्रूफ फ्यूज होल्डर आणि १० अँपिअरचे लाल ब्लेड फ्यूज तीन. ३ अँपिअरचे जांभळे फ्यूज दोन आणि त्यांचा छोटा होल्डर. ताकदीसाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर, लाल ३ मीटर आणि काळी ३ मीटर. हुकमासाठी ०.५ चौरस मिलिमीटरची ३ मीटर. बॅटरीच्या बोल्टच्या मापाचे, बहुधा ६ मिलिमीटरचे, रिंगचे थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची कडी) दोन. दोन पिनी वॉटरप्रूफ कपलर दोन जोड्या, हँडलवरचा वॉटरप्रूफ स्विच, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), वायरची स्लीव्ह आणि केबल टाय. हत्यारांत मल्टिमीटर आणि चांगली क्रिंपिंग पक्कड (थिंबल वायरीवर दाबून बसवणारी). पैसे वाचवायचे असतील तर दिव्यांत वाचवा, पकडीत नको.

वायर १.५ चीच का? १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध मीटरला साधारण १२ मिलिओहम. जाऊन-येऊन ३ मीटरवर ६ अँपिअर सोडले तर ०.२ व्होल्टच्या आसपास गळतात. ०.५ ची वायर वापरली तर ०.७ गळतात आणि ती गळती उष्णता होऊन वायरीतच राहते. चांगल्या दिव्यांचा ड्रायव्हर (दिव्याच्या आतलं वीज पुरवणारं सर्किट) व्होल्टेज कमी पडलं की उजेड टिकवायला करंट वाढवतो, म्हणजे बारीक वायर आणखी तापते. साध्या दिव्यांचा उजेडच मंदावतो.

जोडणी

१. बॅटरी सोडवताना आधी मायनस, मग प्लस. जोडताना उलट. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना फ्रेमला टेकला तर ठिणगीत पाना चिकटतो.

२. रिलेची जागा ठरवा: सीटखाली किंवा साइड पॅनेलच्या आत, सायलेन्सरपासून लांब, पिना खाली तोंड करून. पिना वर असल्या की सॉकेटमध्ये पाणी साचतं.

३. बॅटरीच्या प्लसपासून लाल वायर फ्यूज होल्डरमध्ये आणि तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला. फ्यूज अजून घालू नका.

४. रिलेच्या ८७ नंबरपासून लाल वायर दिव्यांकडे. टाकीखालून पुढे नेताना मूळ हार्नेसच्याच (गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या) वाटेने न्या.

५. दिव्यांच्या काळ्या वायरी एकत्र करून थेट बॅटरीच्या मायनसला आणा. फ्रेमचा अर्थ घेऊ नका. पावडर कोटिंगखालच्या गंजातून येणारा अर्थ हा दिवे लुकलुकण्याचा फार मोठा उगम आहे.

६. शोधून ठेवलेल्या हुकमाच्या वायरीतून बारीक वायर काढा, फाट्यापाशीच ३ अँपिअरचा फ्यूज लावा, तिथून हँडलच्या स्विचला आणि स्विचमधून रिलेच्या ८६ ला. ८५ बॅटरीच्या मायनसला. हा छोटा फ्यूज बरेच जण गाळतात. तुमची बारीक वायर कुठे चेपून शॉर्ट झाली तर हाच फ्यूज उडतो आणि हेडलाईट शाबूत राहतो.

७. सगळे सांधे झाल्यावर, फ्यूज घालण्याआधी, मीटर कंटिन्युइटीवर ठेवून लाल वायर आणि फ्रेम यांच्यात तपासा. बीप वाजली तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग बॅटरी जोडा, फ्यूज घाला, चावी फिरवा, स्विच दाबा. रिलेचा टक् आवाज आला पाहिजे.

रिलेची कॉइल जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर ओढते, म्हणून हँडलवर छोटासा स्विच पुरतो आणि हेडलाईटच्या वायरीला जादा भार कळतही नाही. रिले सुटताना कॉइलमधून उलटा झटका येतो. आत डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले घ्या, नाहीतर १एन४००७ चा डायोड कॉइलवर लावा, पांढरा पट्टा ८६ कडे. डायोडच्या रिलेत ८५ आणि ८६ ची अदलाबदल चालत नाही. केली तर हुकमाचा फ्यूज लगेच उडेल.

दुकानात चार पिनीऐवजी पाच पिनी रिले हातात पडला तर मधल्या ८७-ए या पिनेला काही जोडायचं नाही. ती रिले निवांत असताना चालू असते. चुकून दिवे तिथे जोडले की चावी काढल्यावर ते पेटतात आणि स्विच दाबला की विझतात.

सांध्यांबद्दल थोडं सविस्तर. मूळ वायरीवर चिमटा मारून जोडायचे निळे-लाल प्लास्टिकचे टॅप मिळतात. ते सोपे दिसतात, पण त्यांची पाती तारेचे धागे कापते आणि उघड्या जागेतून पाणी आत जातं. फार तर बंद खोलीतल्या वायरिंगला ठीक, मोटरसायकलला नाही. मूळ कपलरशी जुळणारी नर-मादी जोडी मिळाली तर मध्ये घालायचा छोटा वाय-हार्नेस करा. मूळ वायर अखंड राहते आणि वॉरंटीचा वाद टळतो. ते जमत नसेल तर वायरचं कव्हर सेंटिमीटरभर सोला, क्रिंपने जोडा आणि गोंद असलेलं हीट श्रिंक चढवा. नुसतं सोल्डर नको. सोल्डर तारेत जिथे संपतं तिथे तार ताठ होते आणि सिंगल सिलिंडरच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

अप्पर-डिप्परला बांधा

लांब फेकीचे दिवे असतील तर हुकूम अप्परच्या वायरीतून घ्या. समोरून गाडी आली, तुम्ही डिप मारला की जादा दिवेही त्याच क्षणी विझतात, वेगळा स्विच शोधावा लागत नाही. घाटात समोरच्याचे डोळे दिपवणं म्हणजे त्याला आपल्या अंगावर बोलावणं. धुक्याचे रुंद, खाली बसवलेले पिवळे दिवे मात्र पायलटच्या किंवा हॉर्नच्या लाईनवर, वेगळ्या स्विचने. धुक्यात अप्पर लावायचाच नसतो.

दोन्ही प्रकार हवे असतील तर दोन रिले घ्या. अप्पर आणि पायलट अशा दोन वायरी एकाच ८६ पिनेवर एकत्र करू नका. एका वायरीतली वीज उलट्या वाटेने दुसरीत शिरते, आणि पायलट लावला की अप्परची खूण डॅशवर पेटलेली दिसते.

फ्यूज बॉक्समधून घ्यायची असेल तर

फ्यूजच्या जागी घालायचा, दोन फ्यूज मावणारा टॅप मिळतो. मोबाइल चार्जर किंवा रिलेचा हुकूम यांसाठी तो उत्तम. आपल्या गाडीत ब्लेड फ्यूज मोठा आहे, मिनी आहे की त्याहून बुटका, ते बघून त्याच मापाचा टॅप घ्या. घालताना दिशा पाहा. मूळ फ्यूज काढा, चावी चालू करा आणि खाचेच्या दोन्ही टोकांवर मोजा. जिथे १२ व्होल्ट आहेत ती विजेची बाजू. टॅपचा दोन्ही फ्यूजना जोडलेला पाय तिकडे गेला पाहिजे. उलटा घातला तरी सगळं चालतं, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण मग तुमचा करंटसुद्धा मूळ फ्यूजमधूनच जातो आणि तो कधीतरी उडतो. हॉर्न, टेललॅम्प किंवा अॅक्सेसरीचा फ्यूज निवडा. ईसीयू, पंप आणि एबीएसच्या फ्यूजला टॅप लावायचा नाही.

दिवे, चार्जर, जीपीएस, गरम ग्रिप असं पुढे वाढत जाणार असेल तर आत्ताच चार-सहा फ्यूजचा छोटा फ्यूज ब्लॉक बसवा. बॅटरीपासून एक जाड वायर, एक मोठा रिले आणि पुढे प्रत्येक गोष्टीला तिचा तिचा फ्यूज. नाहीतर बॅटरीच्या बोल्टवर थिंबलांची चळत होते, बोल्ट नीट आवळला जात नाही आणि एके दिवशी गाडी चालू व्हायलाच नकार देते.

काय बिघडतं आणि कुठे बघायचं

रिले टक् करतो पण दिवे लागत नाहीत: ३० ला वीज आहे का, ८७ ला येतेय का, या क्रमाने मोजा. दोन्ही असेल तर दोष काळ्या वायरीत.

फ्यूज स्विच दाबताक्षणी उडतो तर सरळ शॉर्ट. हँडल वळवल्यावर उडतो तर वायर स्टिअरिंगच्या गळ्यात चेपली आहे. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून वायर किती ताणली जाते ते आधीच बघायला हवं होतं, आता पुन्हा मोकळी सोडून बांधा. फक्त पावसात उडत असेल तर कपलरमध्ये पाणी. फ्यूज शाबूत आहे पण होल्डर वितळलाय, तर करंट जास्त नाही, होल्डरमधली पकड ढिली आहे. यातल्या कुठल्याही रोगावर १० च्या जागी २० चा फ्यूज हे औषध नाही. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. त्याला मोठं केलं की पुढच्या वेळी वायर फ्यूजचं काम करते.

दिवे पेटतात पण मंद वाटतात: दिवे चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी दिव्यापाशी लाल वायरीवर ठेवा. ०.३ पेक्षा जास्त आलं तर प्लसच्या वाटेत कुठेतरी वाईट सांधा आहे. तसंच मायनसच्या बाजूनेही मोजा, तिथे ०.२ च्या आत हवं.

दिवे लावले की इंटरकॉममध्ये खरखर येते: स्वस्त ड्रायव्हरचा त्रास. लाल आणि काळी वायर एकमेकींना पीळ घालून न्या, दिव्याजवळ फेराइटची कडी बसवा आणि एबीएस सेन्सरच्या वायरीपासून अंतर ठेवा.

गाडी आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते: चावी बंद करून बॅटरीचा मायनस सोडवा, मीटर १० अँपिअरवर ठेवून मध्ये जोडा. या अवस्थेत चावी फिरवायची नाही की सेल्फ मारायचा नाही. काही मिलिअँपिअर चालतात. कायम चालू लाईनवर लावलेला चार्जर नुसत्या आपल्या खुणेच्या दिव्यासाठी १५ मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला ०.३६ अँपिअर-आवर जातात. ८ च्या बॅटरीची दहा-अकरा दिवसांत निम्मी वाट. असा चार्जर चावीच्या लाईनवर हलवा.

कायद्याचं

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १११ गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायला नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय मनाई करतो. जादा दिव्यांवर पोलीस दंड करतात तो उगाच नाही. शहरात आणि दिव्यांच्या रस्त्यांवर ते बंद ठेवा, वर झाकण लावा. पुढे लाल किंवा निळा उजेड आणि लुकलुकणारा मोड यांच्या वाटेला जाऊ नका. स्विच तिहेरी मोडचा असेल तर तो बदलून साधा घ्या; अंधारात अंगठा चुकून स्ट्रोबवर गेला की समोरचा गांगरतो.

पहिल्या फेरीनंतर

दोनशे-तीनशे किलोमीटर चालवून झाल्यावर सीट एकदा उघडा. इंजिन चालू, दिवे चालू, पाच मिनिटांनी फ्यूज होल्डर, रिले आणि प्रत्येक कपलरला बोट लावून बघा. कोमट चालेल, बोट टिकत नसेल तर तो सांधा पुन्हा करा. बॅटरीचे बोल्ट आवळा, केबल टाय कुठे वायरीत रुतला नाही ना ते बघा. मग लाल आणि जांभळे जादा फ्यूज छोट्या पिशवीत घालून फ्यूज होल्डरलाच बांधून ठेवा, आणि रिलेच्या सॉकेटवर मार्करने लिहा: हुकूम कुठल्या वायरीतून घेतलाय ते. पुढे कधी परगावच्या मेकॅनिकने सीट उघडली तर त्याला मूळ हार्नेस कापत बसावं लागणार नाही.